आधी फौज की आधी कॉलेज

बारावीचा निकाल लागला तेव्हा मी अठरा वर्षं आणि दोन महिन्यांचा होतो. वय इतकं नेमकं लक्षात राहिलंय, कारण त्या उन्हाळ्यात आमच्या घरी माझ्या गुणांपेक्षा वयाचीच चर्चा जास्त झाली. राखीव फौजेच्या भरतीला अठरा पूर्ण लागत, दहावी पास लागे आणि छाती-उंची बसावी लागे. माझं तिन्ही बसत होतं. त्याच आठवड्यात पवनीच्या कॉलेजचे बी.एस्सी.चे फॉर्मही सुटले.

राखीव फौज म्हणजे नेहमीची मिलिटरी नव्हे. त्यातला माणूस एरवी आपल्या गावी आपला धंदा करतो, वर्षातून काही आठवडे प्रशिक्षणाला जातो, आणि बोलावणं आलं की हातातलं काम ठेवून वर्दी घालतो. बोलावणं कधी दोन महिन्यांचं असतं, कधी दोन वर्षांचं. हे मला ठाऊक होतं, कारण माझा मामा त्यात होता. लाखनीला हायवेवर त्याचं टायर-पंक्चर आणि वेल्डिंगचं दुकान आहे. आमच्या गावात त्याला 'पाहुणा फौजी' म्हणत. वर्षात कधीतरी तो पाहुण्यासारखा फौजेत जातो, की फौजेतून पाहुण्यासारखा घरी येतो, हे मात्र कोणी नीट सांगितलं नाही.

मी आणि माझा एक वर्गमित्र तलावाच्या पाळीवर रोज सकाळी धावायचो. पाळ लांब होती, पण मध्ये सांडव्याजवळ दगड होते, तिथं उडी मारावी लागे. दोस्ताचं सगळं ठरलेलं होतं. भरती निघाली की जायचं, पुढचं पुढं पाहायचं. मला मात्र दोन्ही हवं होतं. फिजिक्स मला आवडायचं, आणि वर्दीही आवडायची. कोणतं आधी, एवढाच प्रश्न होता. पण जो भेटे तो असं बोले, की जणू एक घेतलं म्हणजे दुसरं कायमचं सुटलं.

बाबांचं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं. ते पऱ्ह्यांसाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, धान निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कॉलेज काय पळून जाते काय? ते आज हाय, उद्याबी राहीन. भरती कवा निघन त्याचा नेम नाही. मंग पहिले काय कराव?"

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बारावी झालेला फौजी काय अन् बी.एस्सी. झालेला फौजी काय, गोळी दोघायलेबी तेवढीच लागते."

"तू त ना असं अशुभ बोलू नोको," बाबा म्हणाले.

"मी कोठी बोलली? तुमीच विचारलं पहिले काय कराव. मी म्हणतो, पहिले बी नोको अन् मंग बी नोको."

आईचं म्हणणं तिथंच संपलं. नंतर तिनं त्या विषयावर महिनाभर तोंड उघडलं नाही. मी धावून आलो की ती भिजवलेले चणे वाटीत काढून ठेवायची, तेवढंच. त्यावरून तिला काय वाटतं ते मला कळत नसे.

मामाला विचारावं म्हणून मी जूनमध्ये लाखनीला गेलो. आठ दिवस राहीन म्हटलं होतं, राहिलो जवळजवळ महिना.

दुकान म्हणजे हायवेच्या कडेला टिनाचं शेड. पुढं कंप्रेसर, बाजूला जुन्या टायरची चळत, आत वेल्डिंगची मशीन, आणि मागे दोन खोल्यांचं घर. ट्रक दिवसभर वाहत असत. पहिले दोन दिवस मला त्या आवाजात काही सुचेना. मामा त्यात सहज बोलायचा, आणि ट्रक जवळून गेला की तेवढ्यापुरता थांबून वाक्य पुढं चालू करायचा. मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, की आता जाऊ की कॉलेज करून जाऊ. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता.

"तू पहिले धावून दाखव," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला दुकानामागच्या शेतरस्त्यावर पळवलं. मोबाईलवर वेळ लावली. मी धापा टाकत परत आलो तेव्हा तो म्हणाला, "बसते. पण शेवटच्या फेरीत तू मांगं पाहून राहिला होता. मांगं कोणी नोहता, तरी पाहून राहिला होता."

प्रश्नाचं उत्तर त्यानं त्या दिवशीही दिलं नाही. दहावी करून तो वयाच्या विसाव्या वर्षी राखीव फौजेत गेला होता. तेव्हा दुकान नव्हतं, दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये तो हाताखाली होता. पहिलं मोठं बोलावणं आलं आणि दीड वर्ष तो पहाडात राहिला. परत आला तेव्हा गॅरेजवाल्यानं त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवला होता. मामानं हे मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं, म्हणून सांगितलं.

मी गेल्याच्या दहाव्या-बाराव्या दिवशी मामाला बोलावणं आलं. चार दिवसांत हजर व्हायचं होतं. मला वाटलं घरात काही तरी होईल, रडणं, भांडण, निदान गडबड. तसं काहीच झालं नाही. मामीनं फक्त विचारलं, "किती दिवसाचं?" मामा म्हणाला, "लिहिलं नाही." मग त्यानं पेटी काढली, बूट उन्हात ठेवले, वर्दीला स्वतः इस्त्री केली. ते काम तो मामीला करू देत नसे. उरलेला वेळ त्यानं कंप्रेसरचा पट्टा बदलण्यात आणि अर्धवट राहिलेली एका ट्रॉलीची वेल्डिंग पुरी करण्यात घालवला.

निघायच्या दिवशी तो वर्दीत बाहेर आला आणि एकदम वाकून माझ्या पाया पडला. आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे, लहानपणापासून तो पडत आला होता. पण वर्दीतला माणूस, तोही माझ्याहून दुप्पट वयाचा, हायवेवर लोकांसमोर वाकला तसा मी दोन पावलं मागे सरलो.

"भासा हायस. उभा राह्य," तो म्हणाला. मग भंडाऱ्याकडे जाणाऱ्या एस.टी.त चढला.

बस गेल्यावर मामीनं साडीवर मामाचा जुना शर्ट चढवला, बाह्या दुमडल्या आणि कंप्रेसर सुरू केला. मी मामीला तोवर स्वयंपाक करताना, शाळेतल्या तिच्या मुलीची वेणी घालताना पाहिलं होतं. दुकानात मामा असला की ती चहा आणून देई आणि आत जाई. त्या दिवशी मला कळलं, की मामा नसतो तेव्हा दुकान बंद नसतं.

दुपारी एक दहा चाकी ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर परप्रांतातला होता. मागच्या चाकात खिळा होता. त्यानं शेडमध्ये डोकावून विचारलं, "मिस्त्री कहाँ है?"

"बोलो," मामी म्हणाली.

"मिस्त्री को बुलाओ."

"मिस्त्री ड्यूटी पे गया है. चाक खोलना है कि बात करना है?"

तो माझ्याकडे पाहू लागला. मी पान्याकडे हात नेला तशी मामी म्हणाली, "तू बाजूले हो. पाय सापडन." तिनं जॅक लावला, लांब पाइप पान्यात बसवला आणि त्यावर पाय देऊन सगळं वजन टाकलं. पहिला नट करकरला आणि सुटला. ड्रायव्हर थोडा वेळ उभा राहिला, मग टायरच्या चळतीवर जाऊन बसला. चाक निघालं, ट्यूब निघाली, ठिगळ बसलं. जाताना तो "भाभी, पानी मिलेगा?" म्हणाला, आणि मामीनं मला आतून लोटा आणायला लावलं.

संध्याकाळी हात धुताना ती म्हणाली, "तू तुया मामाले विचारून राहिला होता न, आत्ता जाऊ का मंग जाऊ? तो नाही सांगनार. त्याले जातानाचंच मालूम हाय. विचारायचं त मले विचार."

मी विचारलं.

"पक्क्या फौजेतला माणूस एकदा जाते, त फौज त्याले सांभाळते," ती म्हणाली. "हे तुमचं राखीव तसं नाही. बोलावते, अन् काम झालं का घरी पाठवते. मंग घरी काय हाय, तेच पाहाव लागते. तुया मामा पहिल्यांदा वापस आला न, त सहा महिने असाच फिरे. सकाळी उठे, दाढी करे, बूट पॉलिश करे, अन् कोठीच जाये नाही. हे दुकान त्याच्या नंतर झालं. मी म्हटलं, तुमी नसान तवा मी चालवतो, पण चालवायले काही तरी पाह्यजे."

ती साबण चोळत राहिली. कोपरापर्यंत काळं ग्रीस होतं.

"तुयापाशी काय हाय सोडून जायले?"

माझ्यापाशी पाळीवरचं धावणं होतं आणि बारावीची गुणपत्रिका होती. मामीनं उत्तराची वाट पाहिली नाही. मुलगी शाळेतून आली होती, ती तिच्याकडे गेली.

तरीही जुलैच्या सुरुवातीला मी दोस्तासोबत भरतीला गेलोच. मामीचं बोलणं मला पटलं नव्हतं, असं नाही. पण महिनाभर पळलो होतो, आणि दोस्त एकटा निघाला असता तर मला घरी बसवलं नसतं. रेल्वेनं दूर जावं लागलं. मैदानाबाहेर एवढी माणसं होती, की पहिल्यांदा वाटलं यात्राच आहे. त्यात आमच्यासारखे मिसरूड फुटलेले होते, तसे चाळिशीला टेकलेलेही होते. हे मला नवीन होतं. राखीव फौजेला जास्त वयाची माणसंही चालतात हे कागदावर वाचलं होतं, पण एक टक्कल पडलेला माणूस माझ्या शेजारी चड्डीवर उभा राहून पाय झटकतो आहे, हे पाहणं वेगळं.

आमची तुकडी सोडली. मी मागे पाहिलं नाही, हे मला चांगलं आठवतं. चौथा आलो. दोस्त दुसरा आला. तो टक्कलवाला आमच्यामागे थोड्याच अंतरावर होता आणि पास झाला. मग बीमवर लटकणं झालं, खंदकावरची उडी झाली, छाती मोजून झाली. पास झालेल्यांना रांगेत मांडी घालून बसवलं. एक हवालदार वही घेऊन एकेकापुढं थांबत होता.

"क्या करते हो?"

"साब, ड्राइवर."

"तुम?"

"किराणा दुकान, साब."

"तुम?"

"खेती."

टक्कलवाला म्हणाला, "स्कूल में चपरासी, साब. छुट्टी डालके आया हूँ." हवालदारानं लिहून घेतलं. मग माझ्यासमोर आला.

"क्या करते हो?"

"बारावी पास, साब."

"वो पूछा नहीं. करते क्या हो?"

माझ्या तोंडून "कॉलेज" असं आलं. अजून प्रवेशही घेतला नव्हता.

"तो कॉलेज छोड़ेगा?"

त्यानं दोन सेकंद वाट पाहिली, काही तरी लिहिलं आणि पुढं गेला. दोस्तानं आपल्या वेळी "खेती" म्हणून सांगितलं होतं. ते खरंही होतं. मलाही सांगता आलं असतं. बाबांच्या धानाच्या बांध्यांत मी दरवर्षी राबतोच. पण सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणीत डॉक्टरनं माझ्या कानात दिवा घातला आणि म्हणाला, दोन्ही कान मळानं भरले आहेत, पडदा दिसत नाही. साफ करून पंधरा दिवसांत पुन्हा दाखवायचं. चिठ्ठी दिली. दोस्ताला काही निघालं नाही. परतीच्या प्रवासात तो माझी समजूत घालत राहिला, "कानाचं काय हाय बे, दोन मिनिटाचं काम." मी त्याच्यावर उगाच चिडलो. खरं सांगायचं तर चिठ्ठी हातात आली तेव्हा मला बरं वाटलं होतं, आणि ते त्याला कळेल अशी भीती वाटत होती.

घरी आलो तेव्हा धानाची रोवणी जोरात होती. बाबांनी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "उद्याच्या उद्या भंडाऱ्याले जा." पण चिखलणी, माणसं, पाऊस यात आठ दिवस गेले. मग एका सकाळी मी एकटाच भंडाऱ्याला गेलो. कानाच्या डॉक्टरनं कोमट पाण्याची पिचकारी मारली. खरंच पाच मिनिटांचं काम होतं. बाहेर आलो तर रस्त्यावरचं सगळं अंगावर येऊ लागलं. रिक्षाचा हॉर्न, कुणाची तरी चप्पल, भजी तळल्याचा आवाज. मी बसस्टँडवर बसून राहिलो. आता कारण उरलं नव्हतं. कान साफ होते, मैदान पास होतो, लेखी परीक्षा काही कठीण नसते असं सगळे सांगत होते. पिशवीत दोन कागद होते, एक फेरतपासणीची चिठ्ठी आणि एक कॉलेजचा भरलेला फॉर्म. तो आईनं पिशवीत टाकला होता.

मी काही मोठा विचार केला असं म्हणता येणार नाही. बसमध्ये खिडकीशी बसलो आणि हवालदाराचा प्रश्न आणि मामीचा प्रश्न, दोन्ही एकच आहेत हे लक्षात आलं. ड्रायव्हर, दुकानदार, चपरासी, शेतकरी. त्यांना जिथून बोलवायचं ती जागा होती. मला बोलवलं असतं तर कुठून बोलवलं असतं? पाळीवरून. यात काही फार हुशारी होती असं नाही. दोस्तही पाळीवरूनच गेला, आणि बरा गेला. पण त्या दिवशी मला तेवढंच दिसलं.

पवनीला गाडी बदलावी लागते. मी उतरलो आणि आमच्या गावाकडे जाणाऱ्या आसगावच्या गाडीची वाट न पाहता कॉलेजात गेलो. प्रवेशाचे दोन दिवस उरले होते. ऑफिसातल्या बाबूंनी फॉर्म पाहिला, फोटो उलटा चिकटवलाय म्हणून तो काढून सरळ चिकटवायला लावला, आणि शिक्का मारला.

गावात पोचलो तो सरळ शेतावर गेलो. बाया ओळीनं वाकून रोवत होत्या. बाबा बांधीच्या कडेला धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या मोजत होते.

"झाले कान?"

"झाले."

"मंग कवा जातं?"

"बाबा, मी पवनीले ॲडमिशन घेतली."

बायांपैकी दोघी-तिघींचे हात थांबले. बाबांनी हातातली पेंढी पाण्यात आपटून तिच्या मुळांचा चिखल धुतला, मग दुसरी घेतली, तीही धुतली. त्यांची ती पद्धतच होती, राग आला की हातातलं काम नको इतकं नीट करायचं.

"मले विचारलं असतं त," ते म्हणाले.

"तुमी म्हटलं असतं भरतीले जा."

"हो. म्हटलंच असतं." आणि पुढची पेंढी उचलत, "धुऱ्यावर काहून उभा हायस? पेंढ्या फेक."

मी पँट दुमडून बांधीत उतरलो. पुढचे दोन महिने आम्ही दोघं फारसं बोललो नाही.

दोस्त सप्टेंबरात गेला. गावानं शाळेच्या पटांगणात त्याचा सत्कार केला. मी माइक लावायचं काम अंगावर घेतलं, म्हणजे खाली बसून पाहावं लागणार नाही. त्याच्या आईनं त्याला ओवाळलं तेव्हा माझी आई माझ्याकडे पाहत होती. मी वायर गुंडाळत राहिलो.

दुसरं वर्ष वाईट गेलं. पहिल्या वर्षी नवलाई होती. दुसऱ्या वर्षी गणितात मागे पडलो, धावणं सुटलं, आणि दोस्ताचे फोटो मोबाईलवर येऊ लागले. बर्फ, बंदूक, सोबत्यांच्या खांद्यावर हात. मी बसनं पवनीला जायचो आणि यायचो. त्या काळात मला मामीचा फार राग आला. तिनं तो प्रश्न विचारला नसता तर मीही त्या फोटोत असतो, असं वाटायचं. मामा परत आला होता, तरी दिवाळीत लाखनीला गेलो नाही, सबमिशनचं कारण सांगितलं. मामीनं फोनवर विचारलं, "रागावला काय गा?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "रागावला असशीन त रागाव. पण परीक्षा दे." मी परीक्षा दिली. एक विषय राहिला, तो पुढच्या खेपेला काढला.

बी.एस्सी. झाल्यावर मी आधी अधिकारी व्हायचा प्रयत्न केला. पदवीचा फायदा तोच, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. लेखी दोनदा दिली. एकदा नापास, एकदा पास होऊन मुलाखतीत परत. मुलाखतीत माझं इंग्रजी अडलं आणि एका प्रश्नाला मी मराठीत "हो न" म्हणून गेलो. समोरचे साहेब हसले, चांगलेच हसले, पण घेतलं नाही. तोवर मला गावापासून जवळच्या एका शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवायचं काम मिळालं होतं. आठवी, नववी, दहावी. कायम नव्हतं, पण काम होतं, आणि मला ते जमू लागलं होतं.

मग पुन्हा भरती निघाली, आणि मी जवान म्हणूनच गेलो. तेवीस पूर्ण झाले होते. हवालदार दुसरा होता, प्रश्न तोच. मी म्हणालो, "टीचर, साब." त्यानं वर पाहिलं नाही, लिहून घेतलं. कान या वेळी मी आधीच साफ करून नेले होते.

प्रशिक्षण संपल्यावर जिथं पाठवलं, तिथं दोस्त होता. योगायोग म्हणण्यासारखं त्यात फार नाही, आमच्या भागातली बरीच माणसं त्याच पलटणीत जातात. पण तो आता माझ्यापेक्षा पाच वर्षांनी सीनियर होता आणि बाहीवर फीत होती. पहिल्या सकाळी त्यानं मला सगळ्यांसमोर बुटांवरून झापलं. संध्याकाळी चहा घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसला.

"वाईट वाटलं काय बे?"

"बूट खराबच होते," मी म्हणालो.

तो मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होता. पेटीत कपड्यांखाली पुस्तकं होती. मला म्हणाला, हे राज्यशास्त्राचं एक प्रकरण पाहून दे, वाचून वाचून डोक्यात जात नाही. ते माझ्याही डोक्यात गेलं नाही, माझा विषय नव्हता. पण आम्ही दोघांनी मिळून ते तीन रविवार वाचलं. एकदा त्याला मी विचारलं, आधी कॉलेज केलं असतंस तर बरं झालं असतं का? तो म्हणाला, "मले नाही वाटत. मी तवा बसलोच नसतो वर्गात." मग त्यानं मला तेच विचारलं, उलट बाजूनं. मी म्हणालो, पाच वर्षं गेली याचं कधी कधी वाटतं. तो म्हणाला, "त्या पाच वर्षांत मी काय केलं, ते सगळं तुले सांगितलं त तुले तेवढं नाही वाटणार." सगळं त्यानं कधी सांगितलं नाही. त्याचा एक सोबती पहाडात गाडी घसरून गेला होता, एवढं मला इतरांकडून कळलं.

प्रशिक्षण आणि पलटणीतले पहिले आठवडे शाळेच्या सुट्ट्यांत बसले होते; या वर्षी मला शाळा चालू असताना पहिल्यांदा दोन महिन्यांसाठी जावं लागलं. मुख्याध्यापक भला माणूस, पण अडचणीत. "तुम्ही गेलात तर नववीला कोण?" ते म्हणाले. "तासिकेवरच्या माणसाला सुट्टी कशी देऊ, हे मलाच माहीत नाही. रजेचा अर्जसुद्धा कोणत्या नमुन्यात घ्यायचा?" आम्ही दोघांनी बसून अर्जाचा नमुना तयार केला. त्यांनी तो फायलीत लावला आणि म्हणाले, जागा ठेवतो, पण वरून विचारलं तर माझा इलाज नाही. मी मामीला फोन केला. ती म्हणाली, "ठेवतो म्हटलं न? मंग जा."

बाबांनी बसस्टँडवर माझी पेटी उचलून आत ठेवली. आईनं चण्यांची पुडी दिली. बाबा खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "शाळेतल्या पोरायले सांगून निघाला न नीट?" मी हो म्हणालो. बाबांनी मान हलवली. त्यांना तेव्हा शाळेचीच काळजी जास्त होती, आणि मलाही.

दोन महिन्यांनी एका सोमवारी परत हजर झालो. मुख्याध्यापकांना बदली माणूस मिळालाच नव्हता. नववीचे तास कधी मराठीच्या बाईंनी घेतले होते, कधी पोरं मैदानावर सोडली होती. मी वर्गात शिरलो, हजेरी घेतली, आणि विचारलं कुठपर्यंत आलो होतो. पहिल्या बाकावरच्या मुलीनं पुस्तक उघडून दाखवलं. आरशांचं प्रकरण, दुसरं पान. तिथंच थांबलं होतं. मी खडू घेतला आणि अंतर्वक्र आरसा काढायला लागलो. पहिल्या दोन रेषा वाकड्या आल्या, कारण हाताला सवय राहिली नव्हती. मागून कोणीतरी हसलं. मी पुसलं आणि पुन्हा काढलं.